आधी आवाज बंद

डायलिसिसच्या खोलीत कुठलं यंत्र केव्हा बोंबलेल याचा नेम नसतो. नळी जरा मुडपली, पेशंटने झोपेत हात वळवला, रक्तदाब खाली आला, की यंत्र लाल दिवा लावून केकाटायला लागतं आणि आजूबाजूच्या खाटांवरच्या माणसांचे डोळे पांढरे होतात. अशा वेळी काय करायचं ते तिथले टेक्निशियन हसरे यांच्या अंगात मुरलेलं होतं. आधी अंगठ्याने आवाज बंद करायचा. मग पेशंटकडे बघून हसायचं. "काही नाही हो काका, नळी वळलीय जराशी." आणि मग हसता हसताच खरं कारण शोधायचं. हाताखाली शिकायला येणाऱ्यांनाही ते हेच सांगत: आधी आवाज बंद, मग कारण. माणूस घाबरला की निम्मं काम तिथेच बिघडतं.

हसरे हे नाव पेशंटांनीच ठेवलेलं. आडनाव वेगळंच होतं, ते आता दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं.

त्या खोलीत त्यांच्या हातून कधी कुणाचं वाईट झालं नाही, कारण तिथे ते कारण शोधायचेच. गाडीच्या बाबतीत त्यांनी आवाज बंद केला, हसूनही दाखवलं, आणि पुढचं राहून गेलं.

गाडी घेतली बायकोच्या गुडघ्यासाठी. साध्या मोटारीत बसायचं म्हणजे तिला खाली वाकावं लागे आणि उठताना तोंडातून "आई गं" निघे. ही छोटी पांढरी एसयूव्ही उंच बैठकीची, दार उघडलं की सरळ टेकता येईल अशी. जुनी होती, पण घासूनपुसून ठेवलेली, आणि हसऱ्यांचं मन तिच्यावर पहिल्या नजरेतच बसलं.

"दुसऱ्याने काढून टाकलेली गाडी," बायको म्हणाली होती. "त्याने का काढली ते विचारलंत का?"

"अगं, त्याला मोठी घ्यायचीय."

"हे कोण म्हणालं?"

"तोच."

बायकोने यावर नुसतं "हं" केलं. तिच्या "हं"ला उत्तर देणं हसऱ्यांना लग्नापासून कधी जमलं नव्हतं.

मग तो उड्डाणपूल. दोघं डोळ्यांच्या डॉक्टरकडून येत होते. चढ अर्धा झाला असेल, आणि पायाखालचं पेडल मेलं. दाबलं तरी गाडी ओढेना. समोरचे सगळे दिवे एकदम पेटले, लाल, पिवळे, कधी न पाहिलेले, आणि टुंग टुंग टुंग असा आवाज सुरू झाला. स्टिअरिंग वळता वळेना. मागून बस येत होती. तिचा हॉर्न जवळ जवळ येत गेला आणि आरशात फक्त बसचं नाक दिसायला लागलं. बायकोने डोळे मिटून घेतले होते. हसऱ्यांना तेवढंच आठवतं, तिचे मिटलेले डोळे. बस कशीबशी बाजूने गेली. ड्रायव्हर जाता जाता काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

किल्ली फिरवून बंद केली, पुन्हा चालू केली, तर गाडी जशी काही झालंच नाही अशी सुरू झाली. एक पिवळा दिवा तेवढा राहिला.

"मी या गाडीत पुन्हा बसणार नाही," घरी आल्यावर बायको म्हणाली. ती ओरडली नाही, रडली नाही. नेलेला रुमाल पुन्हा पुन्हा घडी करत राहिली. हसऱ्यांना ते फार लागलं.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गाडी ठेवून घेतली आणि परत दिली. दोष आढळला नाही. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने स्टिअरिंगखाली आपलं स्कॅनर जोडलं, बिघाडाचा एक कोड निघाला तो पुसला, आणि दिवा गेला. "या मॉडेलला येतोच हा कोड," तो म्हणाला. "मनावर घेऊ नका." दुसऱ्या दिवशी दिवा पुन्हा हजर.

हसऱ्यांनी मनावर घेतलं. मोबाइलवर त्याच मॉडेलच्या मालकांचा एक गट सापडला. तिथे जे वाचलं त्याने त्यांची झोप उडाली. एका बेकरीवाल्याची गाडी भर वेगात आपली आपणच न्यूट्रलमध्ये जात होती. कुण्या शिक्षिकेचं ब्रेकचं पेडल उतारावर लाकडासारखं कडक झालं होतं. कुणाचं मागचं दार चालत्या गाडीत उघडलं, कुणाला सिग्नलला उभं असताना आत पेट्रोलचा वास येत होता. आणि सगळ्यांना वर्कशॉपने एकच उत्तर दिलं होतं: दोष आढळला नाही. एकाने एवढंच लिहिलं होतं, "बोगद्यात बंद पडली. मागून ट्रक. मी वाचलो." खाली कुणीतरी विचारलं होतं, सोबत कोण होतं? त्याला त्या माणसाने उत्तर दिलं नव्हतं.

हे बायकोला सांगावं असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. पण ती रोज बाजारातून पिशवी घेऊन लंगडत यायची, दारात थांबून श्वास घ्यायची, आणि खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघतसुद्धा नसे. तिची भीती बघवत नव्हती. शिवाय, खरं सांगायचं तर, त्या "हं"चीही भीती होती.

तेव्हा त्यांनी ते चिमुकलं यंत्र मागवलं. काडेपेटीएवढं. स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवायचं, मोबाइलवर कोड दिसतो, खाली "पुसा" असं बटण असतं. अंगठा ठेवला की दिवा गुल. "झाली हो दुरुस्त," त्यांनी बायकोला सांगितलं. "एक सेन्सर होता, तो बदलला." आणि हसले. ते हसू तिला सगळ्या जगात सर्वांत खात्रीचं वाटायचं.

तेव्हापासून रोज सकाळी बायको अंघोळीला गेली की हसरे फडकं घेऊन खाली जायचे. काच पुसायची आणि कोड पुसायचा. शेजारीण वरून बघून म्हणायची, "वहिनी, तुमच्यापेक्षा गाडीचे लाड जास्त चाललेत." बायको हसायची. हळूहळू ती गाडीत बसायला लागली, मग जवळच्या जवळ स्वतः चालवायलाही लागली, आणि एकदा तर सिग्नलला थांबल्यावर गुणगुणलीसुद्धा. हसऱ्यांना वाटलं, जिंकलं आपण. कारण शोधायचंच आहे, पण एवढी घाई काय? मात्र कामावर ते बसनेच जायचे. हॉस्पिटलात गाडी लावायला जागा नाही, असं ते म्हणायचे. जागा भरपूर होती.

त्या दिवशी सकाळी पडद्यावर नेहमीचा एकच कोड नव्हता. त्याखाली आणखी दोन होते. ते हसऱ्यांनी कधी पाहिले नव्हते. बस सुटायची वेळ झाली होती. आल्यावर बघू, असं म्हणून त्यांनी अंगठा दाबला.

दुपारी ते घरी आले तेव्हा गाडी जागेवर नव्हती. बाजारात गेली असेल म्हणून जिना चढले, तर बायको समोर, कपाटातले कपडे लावत बसलेली.

"गाडी कुठाय?"

"लेक घेऊन गेली. ढमीला घेऊन."

ढमी म्हणजे नात. लेक आठवडाभर माहेरी आली होती आणि जावई बदलीच्या गावी, डोंगरापलीकडे. जायचं होतं, पण उद्या, बसने.

"बसने जाणार होती ना?"

"ढमीला बस लागते हो. येताना सगळी ओकली. मीच म्हटलं, गाडी ने, रविवारी जावई परत आणून देतील." बायकोने साडीची घडी मांडीवर ठेवली. तिचा चेहरा खुलला होता. "खरं सांगू? मला स्वतःचंच नवल वाटलं. महिन्याभरापूर्वी मी तिला त्या गाडीला हात लावू दिला नसता. ती विचारत होती, आई, नीट आहे ना गं? म्हटलं, तुझे बाबा रोज डोळ्यांत तेल घालून बघतात."

डोंगरापलीकडे जायला एकच रस्ता होता, आणि त्या रस्त्यावर बोगदा होता.

त्यांनी मोबाइल काढला, लेकीचं नाव दाबलं, आणि घंटा जायला लागताच घाईने बंद केला. ती चालवत असेल. उचलायला गेली तर एक हात सुटेल, नजर हलेल. फोन न लावावा तर सांगायचं कसं? पुन्हा दाबला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली. प्रत्येक घंटेला त्यांना वाटत होतं की आपणच तिच्या हाताला हिसका देतोय. कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा एका बाईचा मंजूळ आवाज म्हणाला, संपर्क क्षेत्राबाहेर.

"काय झालंय?" बायकोने विचारलं. "अहो, असे पांढरे का पडलात?"

आणि सवय बघा. तशातही त्यांच्या तोंडावर हसू आलं. "काही नाही गं..." ते म्हणाले. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. ते कॉटवर बसले आणि जमिनीकडे बघत सगळं सांगितलं. सेन्सर बदलला नव्हता. काहीच बदललं नव्हतं. रोज दिवा पुसत होतो. आज तीन कोड होते.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मांडीवरची साडी तशीच खाली सोडली, चपला घातल्या, आणि गुडघ्याचा विचार न करता जिना उतरायला लागली.

टॅक्सीत ती दाराला चिकटून बसली. मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी जागा. हसऱ्यांनी जावयाला फोन लावला. "नाही बाबा, अजून पोचली नाही. का हो?" "सहज विचारलं," हसरे म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर आपण पुन्हा तेच केलं हे त्यांच्या लक्षात आलं. बायकोने मान वळवून एकदा बघितलं. मग तिने स्वतःचा फोन काढला, जावयाला लावला आणि दोन वाक्यांत खरं काय ते सांगून टाकलं.

रस्ता चढायला लागला. पुढे दिसणारी प्रत्येक पांढरी गाडी हसऱ्यांना आपलीच वाटत होती, आणि जवळ आल्यावर ती आपली नाही म्हणून सुटका वाटावी की धसका घ्यावा ते कळत नव्हतं. डोक्यात तो एकच मजकूर फिरत होता. बोगद्यात बंद पडली. मागून ट्रक. त्यांनी हात जोडले नाहीत, कारण कुणापुढे जोडायचे आणि कुठल्या तोंडाने, हे त्यांना समजत नव्हतं.

बोगद्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती. टॅक्सी थांबली. पुढच्या टेम्पोचा ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढत होता. टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, "काय भानगड आहे?"

"आत एक छोटी गाडी बंद पडली होती. टँकरने ठोकली मागून. पार चेपलीय म्हणतात."

"माणसं?"

टेम्पोवाल्याने खांदे उडवले. "बाई होती म्हणे. मूल होतं."

होती. होतं. हसऱ्यांनी दार उघडलं आणि धावत सुटले. उभ्या गाड्यांच्या मधून, आरशांना कोपर आपटत, तोंडाने "माझी मुलगी, माझी मुलगी आहे" असं काहीतरी म्हणत. वयाची पन्नाशी उलटलेली, छाती भात्यासारखी वाजायला लागली. मागे वळून पाहिलं तर बायकोही येत होती, एक हात गाड्यांच्या टपांना लावत, लंगडत, पण थांबत नव्हती. ते तिच्यासाठी थांबले नाहीत. थांबून तिला सांगायचं काय, हा प्रश्न होता.

बोगद्याच्या तोंडाशी क्रेनने ओढून आणलेली गाडी उभी होती. पुढून अगदी नवी वाटत होती, काच लख्ख पुसलेली. मागची बाजू नव्हतीच. मागचं दार आत येऊन पुढच्या सीटपर्यंत आलं होतं, आणि ढमीसाठी मागे बांधलेली लहान खुर्ची त्या दोहोंच्या मध्ये वाकडी होऊन अडकली होती. खुर्चीत काचांचा खच होता. हसरे रस्त्यावरच खाली बसले.

"बाबा!"

आवाज बाजूच्या चौकीतून आला. लेक दारात उभी होती. तिच्या कडेवर ढमी, कुणाचंतरी केशरी जाकीट गुंडाळलेली, तोंडात अंगठा. दोघींना ओरखडासुद्धा नव्हता.

नंतर लेकीने सगळं सांगितलं. बोगद्याच्या मध्यावर पेडल गेलं. स्टिअरिंग दगड झालं. गाडी भिंतीच्या कडेला कशीबशी आणून थांबली. "मला वाटलं, आत बसून राहणंच बरं. दिवे लुकलुकत ठेवले होते. पुन्हा चालू करून बघत होते. पण ही रडायला लागली, आई, शू आली म्हणून. मी रागावले हिला. म्हटलं, थांब जरा. ही थांबेना. मग वैतागून काढली बाहेर, पुढच्या त्या आडोशाला नेलं, आणि..." तिने वाक्य पूर्ण केलं नाही. ढमीला घट्ट धरलं. "हिला रागावले हो मी."

तेवढ्यात बायको पोचली. तिने आधी ढमीचं डोकं हातात धरलं, मग लेकीचं, दोघींचे हात, बोटं चाचपून पाहिली, आणि मग तिथेच बाकावर बसून हमसून हमसून रडली. हसरे उठून उभे होते, पण पुढे जायची हिंमत होत नव्हती. चौकीतल्या माणसाने सगळ्यांना पाणी दिलं. त्यांनाही दिलं.

"बाबा, आधी काहीच कळलं नाही हो," लेक म्हणाली. "सगळे दिवे पेटले ते गाडी मेल्यावर. त्याच्या आधी काही नाही. एक जरी दिवा लागलेला असता ना, तर मी घरून निघालेच नसते."

बायकोने डोळे पुसले. "सांगा तिला," ती म्हणाली.

हसऱ्यांनी सांगितलं. या वेळी हसले नाहीत, निदान तसा प्रयत्न केला. लेक ऐकत होती. मधूनच तिने त्या चेपलेल्या गाडीकडे पाहिलं, मग ढमीकडे. ती रागावली नाही. लहानपणापासून ती बाबांवर कधी रागावलेली नव्हती. ताप आला की बाबांनी हसून म्हणायचं, काही नाही, उद्या उतरेल, आणि तो उतरायचाच. मग तिच्या तोंडावर एक वेगळीच भीती आली, बोगद्यातलं सांगताना होती त्याहून वेगळी.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मध्यंतरी आईच्या छातीत दुखत होतं. तुमच्याच हॉस्पिटलात तपासण्या केल्यात. तुम्ही म्हणालात, सगळं नॉर्मल आहे."

"हो."

"ते खरंच नॉर्मल होतं?"

"होतं गं." ते खरं होतं. डॉक्टरांनी दोनदा बघितलं होतं, अक्षर न् अक्षर खरं होतं. "अगदी नॉर्मल. शपथ घेऊन सांगतो."

बोलता बोलता त्यांना जाणवलं की आपले ओठ ताणले गेलेत. तेच हसू. ते आवरायला गेले, तर तोंड आणखीच वेडंवाकडं झालं. लेक बघत होती. बायकोही बघत होती, आणि तिचा हात नकळत छातीवर गेला होता. डायलिसिसच्या खोलीत शेजारचं यंत्र केकाटलं की माणसं बघतात, तशी ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"खरंच नॉर्मल आहे," हसरे पुन्हा म्हणाले.

बायकोने लेकीचा हात धरला आणि तिच्या आधाराने उठली. "उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ," ती लेकीला म्हणाली. "तू चल माझ्याबरोबर."